मुलांचे गणित आणि मोबाइलवरील मास्तर

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयासंबंधी आहेत. इंटरनेटवर शालेय गणित शिकविणारे इतके मास्तर झाले आहेत, त्यांपैकी कोणाच्या हाती आपले मूल द्यावे, असे कोणी उत्साहाने तर कोणी काळजीने विचारले आहे. एका भगिनींचे पत्र मात्र रागाचे आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबात लहानथोर मिळून अकरा माणसे. त्यांत दोन इंजिनिअर आणि एक चार्टर्ड अकाउंटंट. तरी पाचवीतील मुलाजवळ गणित घेऊन बसण्यास कोणास सवड नाही. मुलाने वही घेऊन ज्याच्याकडे जावे तो "यूट्यूबवर बघ ना!" एवढे सांगून मोकळा होतो. मग घरात एवढी शिकलेली माणसे असून उपयोग काय, असा त्यांचा सवाल आहे.

या पत्रास उत्तर देण्यापूर्वी माझ्याच घरात गेल्या पावसाळ्यात घडलेली एक हकीकत सांगणे मला प्राप्त आहे. कारण त्या इंजिनिअर मंडळींच्या दोषाचा मीही वाटेकरी आहे.

माझ्या धाकट्या बंधूंची नात सहावीत आहे. शाळा मराठी, परंतु गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून. हल्ली ज्यास सेमी-इंग्रजी म्हणतात त्या पद्धतीची. जून-जुलै हे दोन महिने तिची घरच्या अभ्यासाची वही पाहून आम्ही सारे संतुष्ट होतो. अपूर्णांकांची उदाहरणे एकाखाली एक, पायऱ्या सुबक, उत्तरे बिनचूक आणि शेजारी बाईंची लाल शाईची खूण. ऑगस्टात घटक चाचणी झाली आणि २० पैकी ६ गुण मिळाले. चौकशी करता उलगडा झाला. उदाहरणाचा फोटो काढला असता पायऱ्यांसह उत्तर लिहून देणारे एक अ‍ॅप तिच्या आईच्या मोबाइलवर होते. वहीतले गणित सगळे त्या अ‍ॅपचे. मुलीचे त्यात अक्षर तेवढे होते. ते अ‍ॅप तिला कोणी दाखविले? मीच. मे महिन्यात, "अडले तर यात पाहत जा," असे सांगून, मोठ्या कौतुकाने.

सहा गुणांचे मला एवढे वाटले नाही. परंतु त्या संध्याकाळी मुलगी आपल्या आईस म्हणाली, "माझे डोकेच गणिताचे नाही. मी पुढे गणित घेणारच नाही," तेव्हा मात्र छातीत धस्स झाले. अकराव्या वर्षी मुलाने स्वतःविषयी केलेले असले निदान पुढे जन्मभर पुरते. आमच्याच घरात पदवीधर झालेल्या दोघीजणी अशा आहेत की, वाण्याचे बिल त्या अजूनही दुसऱ्याकडून तपासून घेतात आणि हसून म्हणतात, "आमचे आणि गणिताचे पहिल्यापासून वाकडे!" त्यांचे ते हसणे मला त्या संध्याकाळी प्रथमच खटकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या थोरल्या वहिनी मेथी निवडीत बसल्या होत्या. वय ८१; शाळा चौथीपर्यंत. हिरमुसलेली नात शेजारी येऊन बसली, तेव्हा त्यांनी विचारले, "काय गं, एवढे काय चुकले तुझे?"

"वन बाय टू प्लस वन बाय फोर, मोठी आजी."

"हे मला कसे कळायचे? मराठीत सांग."

"एक छेद दोन अधिक एक छेद चार."

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे अर्धा नि पाव म्हण की! अर्धी भाकरी खाल्लीस, वर पाव खाल्लीस. किती झाली?"

"पाऊण," मुलगी ताबडतोब म्हणाली.

"मग पेपरात काय लिहिलेस?"

मुलीने उत्तरपत्रिका उघडली. तीत लिहिले होते २/६.

वरच्या अंकांची बेरीज वर आणि खालच्यांची खाली, ही चूक शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. तीत नवल काही नाही. नवल हे की, २/६ म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्याहूनही कमी. अर्ध्या भाकरीत पाव भाकरी घातली आणि भाकरी कमी झाली, असे आपण लिहीत आहो हे मुलीच्या ध्यानीमनीही आले नाही. तिच्या तोंडास जे पक्के ठाऊक होते ते तिच्या हातास ठाऊक नव्हते. 'पाऊण' आणि 'थ्री बाय फोर' ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. एक नाव स्वयंपाकघरात राहत होते आणि दुसरे शाळेत.

मी जवळच वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, तो लाजलो. दोन महिन्यांत मला जे दिसले नाही ते वहिनींस मेथी निवडता निवडता दिसले. आणि अ‍ॅपास ते कसे दिसणार? त्याने मुलीस एकदाही चुकू दिले नव्हते. चूक झालीच नाही, तेव्हा ती सापडण्याचा मार्गही उरला नाही.

येथे थोडे विषयांतर. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेत आहेत म्हणून आपल्या मुलांस अपूर्णांक घरबसल्या निम्मे आलेले असतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलास दीड किंवा अडीच यासाठी एकच सुटा शब्द मिळत नाही. त्यास 'एक आणि अर्धा' असे जोडून सांगावे लागते. जुन्या पंतोजींच्या शाळेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकीसुद्धा तोंडपाठ करून घेत. ती सगळी पाठांतरे पुन्हा सुरू करा असे मी म्हणत नाही; त्यांतही न समजता घोकणारे पुष्कळ होते. परंतु मूल शाळेत 'फ्रॅक्शन' शिकू लागेल त्या आठवड्यात घरातील कोणीतरी त्यास पाव, अर्धा, पाऊण यांशी त्याची गाठ घालून द्यावी. त्यास ना इंटरनेट लागते ना पदवी.

तथापि घरच्या शब्दांची शक्तीही एका ठिकाणी संपते, आणि तेथेच मला पडद्याचा उपयोग प्रथम कळला. वहिनींच्या यशाने भर येऊन मी मुलीस विचारले, "आता अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती?" ती गप्प, वहिनीही गप्प. पाच षष्ठांशास आपल्या स्वयंपाकघरात नाव नाही. मग आम्ही तिघे मिळून मोबाइल घेऊन बसलो.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल पारितोषिक मिळालेल्या पदार्थवैज्ञानिकांनी २००२ साली 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. प्रारंभी तो पदार्थविज्ञानासाठी होता; पुढे त्यात गणितही आले. तो विनामूल्य आहे, आणि त्यातील कित्येक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. येथे कोणी मास्तर बोलत नाही. पडद्यावर एक पट्टी किंवा वर्तुळ असते. त्याचे हवे तितके समान भाग करावे, त्यांतील हवे तितके भरावे, आणि शेजारी अंकांत लिहिलेला अपूर्णांक कसा बदलतो ते पाहावे. आम्ही प्रथम कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एकीवर अर्धा भाग रंगविला, दुसरीवर एक तृतीयांश. मग पडद्यावर शोध सुरू झाला की, किती भाग केले असता दोन्ही रंगीत तुकडे पुरेपूर मोजता येतील? चार करून पाहिले. अर्धा बसला, तृतीयांश बसेना. पाच केले, दोन्ही बसेनात. सहा केले तेव्हा अर्ध्याचे तीन आणि तृतीयांशाचे दोन असे दोन्ही चोख बसले. मुलगी काही वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे एलसीएम ह्याच्यासाठी काढतात होय!" लघुतम साधारण विभाज्य ती पाचवीपासून काढीत होती, कशासाठी काढतो हे तिला त्या दिवशी कळले.

आता पत्रलेखकांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो.

मोबाइलवरील मास्तरांत जगभर सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सलमान खान. अर्थात सिनेमातील नव्हेत. अमेरिकेत जन्मलेले, बंगाली घराण्यातील हे गृहस्थ २००४ साली बॉस्टन येथे एका गुंतवणूक-संस्थेत नोकरीस होते. न्यू ऑर्लिन्स येथे राहणारी त्यांच्या नात्यातील एक बारा वर्षांची बहीण मापांच्या रूपांतरात अडली होती आणि त्यामुळे गणिताच्या वरच्या तुकडीस मुकत होती. नोकरी सांभाळून ते तिला टेलिफोनवरून शिकवू लागले. ती सुधारली, तशी नात्यातील इतर मुलेही आली. सर्वांच्या वेळा जुळेनात, म्हणून २००६ साली त्यांनी आपले छोटे छोटे धडे यूट्यूबवर ठेवण्यास आरंभ केला. २००८ साली त्यातून खान अकॅडमी ही नफा न घेणारी संस्था निघाली. त्यांनी स्वतःच सांगितलेली एक मौज ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती भावंडे म्हणाली की, प्रत्यक्ष तुमच्यापेक्षा यूट्यूबवरचे तुम्ही आम्हांला बरे वाटता. कारण उघड आहे. मास्तरांस तीनदा थांबवून तेच पुन्हा विचारण्यास मूल लाजते. व्हिडिओस दहादा मागे नेले तरी तो कपाळास आठ्या घालीत नाही. आपल्या घरांतील कित्येक काकांनी आणि आजोबांनी या वाक्याचा विचार करावा. मुले आपल्याकडे का येत नाहीत, याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील. सिडनीतील एका सरकारी शाळेतील गणिताचे शिक्षक एडी वू यांचा एक विद्यार्थी कर्करोगाने आजारी पडून शाळेस वारंवार मुकू लागला. त्या एका मुलासाठी त्यांनी २०१२ साली वर्गातील आपले शिकविणे ध्वनिचित्रित करून इंटरनेटवर ठेवले. पुढे ते लाखो लोक पाहू लागले.

ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही धडे जगासाठी म्हणून निघाले नाहीत; एकेका मुलासाठी निघाले. ती मुलगी कोठे अडली आहे हे खानांस ठाऊक होते. तो मुलगा कोणत्या तासास नव्हता हे वूंस ठाऊक होते. आज तोच व्हिडिओ आपल्या घरात चालू होतो तेव्हा धडा तोच असतो, पण आपले मूल कोठे अडले आहे हे पलीकडच्या माणसास ठाऊक असणे शक्य नाही. ते आपल्या बाजूच्या कोणीतरी पुरवावे लागते.

एकास एक शिकविण्याचे सामर्थ्य किती, याचा अभ्यास शिकागोचे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. स्वतंत्र शिक्षक मिळालेला सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील शंभरांपैकी ९८ जणांच्या पुढे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधकांस तेवढा मोठा फरक आढळला नाही. पण फायदा असतो, याविषयी दुमत नाही. इंटरनेटवरील बहुतेक उद्योगांनी तोच फायदा स्वस्तात देण्याचे आश्वासन दिले आहे. खान अकॅडमीत उदाहरणे सोडवीत पुढे जाण्याची जी व्यवस्था आहे तिच्या मुळाशीही, एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर जाऊ नये, ही ब्लूम यांचीच विचारसरणी आहे. माझ्या मते तेथील व्हिडिओंपेक्षा ही उदाहरणेच अधिक मोलाची. आईबाप मात्र मुलास व्हिडिओ लावून देतात आणि उदाहरणांकडे कोणी फिरकत नाही.

आता प्रश्न राहिला उत्तर देणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ज्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिचा. हिच्याविषयी तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे १००० विद्यार्थ्यांवर २०२३ साली एक प्रयोग झाला. तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि २०२५ साली प्रसिद्ध केला. नववी ते अकरावीच्या वर्गांचे त्यांनी तीन गट केले. एका गटास नेहमीसारखी वही व पुस्तक. दुसऱ्यास प्रश्न विचारताच उत्तर देणारे यंत्र. तिसऱ्यास तेच यंत्र, परंतु उत्तर न सांगता केवळ सूचना द्यावी अशा रीतीने शिक्षकांच्या साहाय्याने बांधलेले. सरावाच्या वेळी दुसरा गट पहिल्याहून ४८ टक्क्यांनी सरस ठरला आणि तिसरा १२७ टक्क्यांनी! मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा उत्तर देणाऱ्या यंत्राचा गट, ज्यांस यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी खाली आला. सूचना देणाऱ्या यंत्राच्या गटाचे नुकसान बहुतांशी टळले, पण तो साध्या वहीपुस्तकाच्या गटापुढे गेला नाही. आणखी एक गोष्ट अशी की, नुकसान झालेल्या मुलांस आपण कमी शिकलो असे वाटलेच नव्हते.

हे वाचले तेव्हा आमच्या नातीची ती सुबक वही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिलाही वाटले नव्हते आणि आम्हांलाही. चाचणी झाली नसती तर मार्चपर्यंत आम्ही कौतुकच करीत बसलो असतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती काय, असे काहींनी विचारले आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, हे पुष्कळ सुशिक्षित घरांसही ठाऊक नसते. पुस्तकांत काळ्या ठिपक्यांची जी चौकोनी खूण छापलेली असते, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, ती मोबाइलने टिपली असता त्या धड्यास जोडलेले साहित्य उघडते. या कामी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुढाकार घेतला. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. म्हणून त्यांनी पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांस अशा खुणा जोडल्या. २०२० साली त्यांस दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. २०१७ पासून केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठही आहे. त्यावरील साहित्य सर्वत्र सारख्या गुणाचे नाही, काही धडे तर पुस्तक मोठ्याने वाचून दाखविण्यापलीकडे जात नाहीत. पण ते आपल्या भाषेत आहे, ही जमेची बाजू.

भाषेची बाब क्षुल्लक समजू नये. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' असे संख्यावाचन दिले तेव्हा केवढे वादळ उठले होते! गणित विषय समितीच्या अध्यक्षा दिवंगत मंगला नारळीकर यांचे म्हणणे एवढेच होते की, लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी, शिवाय जोडाक्षरांचे शब्द, यांत लहान मुले गोंधळतात. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही. त्या वादात कोणाचे बरोबर हा प्रश्न मी आज काढीत नाही. परंतु ज्या घरात मूल शाळेत 'सिक्स्टी थ्री', आजीजवळ 'त्रेसष्ट' आणि मोबाइलवर कोणा परदेशी मास्तरांचे वेगळ्याच उच्चारांतील इंग्रजी ऐकते, तेथे गणित अडले आहे की भाषा, हे पाहिल्यावाचून "हा गणितात कच्चा" असा शिक्का मारू नये.

वरच्या वर्गांतील मुलांसाठी दोन साधने मी मनापासून सुचवीन. पहिले जिओजेब्रा. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली विद्यार्थी असतानाच ते बांधावयास घेतले. त्यात भूमितीची आकृती काढून तिचा कोपरा बोटाने ओढता येतो. कोणताही वेडावाकडा चौकोन काढावा, त्याच्या चारी बाजूंचे मध्यबिंदू जोडावे, आणि मग चौकोनाचे कोपरे हवे तसे ओढीत जावे. बाहेरचा चौकोन कितीही विद्रूप झाला तरी आतला समांतरभुज चौकोनच राहतो. आमच्या दहावीतील नातवाने तो दहा मिनिटे ओढून पाहिला आणि शेवटी चिडून "पण का?" असे विचारले. तेवढ्यासाठी हे साधन घरात असावे. त्या 'का'चे उत्तर पडदा देत नाही; कर्ण काढून, त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूस समांतर व तिच्या निम्मी असते, हे पुस्तकातील प्रमेय लावावे लागते. त्याने लावले, थोडी मदत त्याच्या आत्याने केली.

दुसरे म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचे 'एनरिच'. ते १९९६ पासून चालू आहे. तेथे धडे थोडे आणि प्रश्न फार. पहिली पायरी लहान मुलासही चढता यावी आणि शेवटची मोठ्यांसही दमवील, असे प्रश्न निवडण्याकडे त्यांचा कल असतो. अशा प्रश्नांसाठी केंब्रिजलाच जावे लागते असेही नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या घ्या. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येईल त्यावर तेच करीत राहावे. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि पुढे तेच ते. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. एका रविवारी आमच्या घरी सहा मुलांनी हे केले; वजाबाकीच्या पन्नासएक उदाहरणांचा सराव कोणी न सांगता झाला.

पैसे देऊन घ्यावयाच्या वर्गांविषयी माझा अनुभव बरा नाही. एका कंपनीचा तरुण घरी येऊन नातीची परीक्षा घेऊन गेला, आणि वर्षभराचे शुल्क एकदम न भरल्यास मुलीचे आयुष्य वाया जाईल अशी भीती त्याने तिच्या आईस घातली. आम्ही नम्रपणे चहा पाजून निरोप दिला. वर सांगितलेली सारी साधने विनामूल्य असता, ती पारखून पाहिल्याखेरीज कोणीही असा करार करू नये.

रागावलेल्या भगिनींस माझे सांगणे इतकेच की, इंजिनिअर दिरांकडून रोज तासभर मागू नका. ते देणार नाहीत. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे मागा, आणि तेवढ्या वेळात त्यांनी शिकवावयाचे नाही, ऐकावयाचे, अशी अट घाला. मुलाने चुकलेले उदाहरण मोठ्याने, आपण काय काय केले ते बोलत, पुन्हा करावे. जेथे गाडी रुळावरून घसरते ती जागा सापडली म्हणजे मग तेवढ्याच भागाचा व्हिडिओ किंवा प्रयोग शोधून द्यावा. आमच्या घरी आता मोबाइल ओटीवरील टेबलावर असतो. कच्च्या वहीत आधी स्वतःचा प्रयत्न, तो खोडावयाचा नाही, आणि मग पडदा. फोटो काढून उत्तर देणारे ते अ‍ॅप मी काढून टाकणार होतो. मुलीनेच काढू दिले नाही. स्वतःचे उत्तर आले म्हणजे ती ते त्यावर ताडून पाहते, आणि जमले नाही तर कोणती पायरी वेगळी आहे ते शोधते. हा उपयोग मला सुचला नव्हता.

ऑक्टोबरच्या चाचणीत तिला २० पैकी १३ मिळाले. वजाबाकीत ती अजून अडखळते आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची तिला धास्ती आहे. गणित सोडण्याची भाषा मात्र सध्या ऐकू येत नाही. परवा रात्री जेवणानंतर वहिनींनी तिला, "सातास औटकीने किती?" असे विचारून पेचात धरले. औट म्हणजे साडेतीन, हे आधी सांगावे लागले. मग मुलीने बोटाने पाटावर काहीतरी काढले, पुटपुटली, "सात त्रिक एकवीस, आणि सात अर्धे म्हणजे साडेतीन," आणि म्हणाली, "साडेचोवीस!" वहिनींनी मान डोलावली. तेव्हा तिने विचारले, "मोठी आजी, ही औटकी इंटरनेटवर आहे का गं?"

"मला काय ठाऊक?" वहिनी म्हणाल्या. "नसली तर तू घाल."